पायांची आग आणि चाळीस टक्क्यांची अट

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत ज्यांच्या हाताखाली माणसं कामाला आहेत त्या सर्वांना: काजू कारखानदार, आंबा कॅनिंगवाले, हॉटेल-खानावळींचे मालक, पतसंस्थांचे मॅनेजर, शाळांचे मुख्याध्यापक, कचेऱ्यांचे आणि डेपोंचे प्रमुख

विषय: उकाड्याने भडकणारं दुखणं असलेल्या कामगाराला पंखा, बसायची सोय आणि कामाच्या पाळीची सवलत दिव्यांगत्वाच्या टक्केवारीचा दाखला न मागता देण्याबाबत

स. न. वि. वि.

मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात ग्रेडिंगला आहे. त्याआधी बरीच वर्षं दुसऱ्या एका कारखान्यात ड्रायरवर, म्हणजे गर वाळवायच्या भट्टीवर होते. मला एरिथ्रोमेलाल्जिया नावाचा आजार आहे. कामावर सगळ्या जणी त्याला पायांची आग म्हणतात, तेव्हा मीही या पत्रात तेच म्हणते. माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. तुमच्याकडचं एखादं माणूस ‘उकाड्याने मला त्रास होतो, डॉक्टरांनी लिहून दिलंय’ असं सांगत आलं, तर त्याच्याकडे चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखला मागू नका. पंखा द्या, स्टूल द्या, पाळी बदलून द्या. बाकीचे कागद मागाहून होतील.

या आजारात पावलं, कधीकधी हातांचे तळवेसुद्धा लाल होतात, तापतात आणि जळायला लागतात. दुसऱ्याने हात लावला तर त्यालाही ती धग कळते. उकाडा, बराच वेळ उभं राहणं, भराभर चालणं, बंद बूट, पायांवरची जाड चादर, एवढं कारण पुरतं. गार वारा लागला आणि पाय वर घेतले की आग हळूहळू उतरते. कधी अर्ध्या तासात उतरते, कधी पहाट झाली तरी नाही. संध्याकाळी आणि रात्री जोर जास्त असतो, म्हणून आमच्यातल्या पुष्कळांची झोप कायम अर्धवट असते. सायलस वेअर मिचेल या अमेरिकन डॉक्टरांनी १८७८ साली या आजाराचं वर्णन करून त्याला हे नाव दिलं. तेव्हा आजार काही नवीन नाही, दुर्मीळ मात्र खरोखरच आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या एका परगण्यात अभ्यास झाला तेव्हा वर्षाला लाख माणसांमागे साधारण १.३ नवे रुग्ण आढळले होते.

हे का होतं, ते डॉक्टरांनी मला समजेल असं सांगितलं. वेदनेचा निरोप नेणाऱ्या बारीक नसांमध्ये सोडियम आत घेणाऱ्या अतिसूक्ष्म वाहिन्या असतात. त्यातली एक नॅव्ह १.७ नावाची. ती घडवणाऱ्या एससीएन९ए या जनुकात विशिष्ट बिघाड असला तर ती अगदी किरकोळ कारणाने उघडते आणि मिटायला वेळ लावते. घराण्यात चालत आलेल्या पायांच्या आगीमागे हा बिघाड असतो हे चीनमधल्या संशोधकांनी २००४ साली दाखवून दिलं. म्हणजे बाहेर जाळ नसतो, पण नस खरोखरच भाजल्याचा निरोप पाठवत असते. त्यात मनाचे खेळ काही नाहीत. सगळ्यांनाच हा जनुकीय बिघाड असतो असंही नाही. काहींना बारीक नसांच्या दुसऱ्या आजारामुळे होतं, काहींना रक्तातल्या प्लेटलेट वाढवणाऱ्या आजारामुळे, आणि कित्येकांचं कारण सापडतच नाही. माझं सापडलेलं नाही. मेक्सिलेटिन, कार्बामाझेपिन, गॅबापेन्टिन, लिडोकेनचे पॅच अशी औषधं आहेत, पण एकाला लागू पडलेलं दुसऱ्याला पडेलच याची खात्री नसते. माझ्या औषधाने आग निम्म्यावर आली. उरलेली निम्मी मी कुठे उभी राहते, काय घालते आणि किती वेळ पाय खाली सोडून बसते त्यावर ठरते. कामाच्या जागेवर या तिन्ही गोष्टी तुमच्या हातात आहेत, म्हणून डॉक्टरांना सोडून तुम्हाला लिहिते आहे.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील की कोकणात विदर्भासारखं ऊन कुठे आहे? मलाही हे तोंडावर ऐकवलं गेलं आहे. हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे किनारपट्टीवर पारा निदान ३७ अंशांवर गेला आणि तो नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी वर असला, तर उष्णतेची लाट धरतात. २०१७ च्या मार्चमध्ये रायगडातल्या भिऱ्याला ४६.५ अंश नोंदले गेले तेव्हा देशभर बातमी झाली. पण वेंगुर्ल्यात, मालवणात, देवगडात बहुतेक दिवस ३३-३४ अंशांचेच असतात, त्याची बातमी होत नाही. हवा मात्र ओली असते. घाम गळतो, सुकत नाही. घाम सुकला नाही तर अंग निवत नाही, मग शरीर आणखी रक्त कातडीकडे ढकलतं, आणि आमच्या पावलांना तेवढंच निमित्त हवं असतं. ‘लाटेचा इशारा आला की बघू’ हा हिशेब आमच्या उपयोगाचा नाही. एप्रिल, मे, पाऊस लागेपर्यंतचा जून आणि मग भातकापणीच्या वेळचा ऑक्टोबर हे आमचे वाईट महिने. श्रावणात दोन दिवस उघडीप पडून ऊन तापलं तरी पुरे होतं.

आपल्याकडे पायांची आग हा शब्द घरोघरी आहे, आणि यातच एक अडचण आहे. ‘तुका उष्णता झालीहा’ म्हणत आईने मला सब्जा दिला, कोकमाचं सरबत दिलं, रात्री तळपायांना तूप लावून काशाची वाटी घासली. तिने मायेने केलं. घासण्याने कातडी आणखी तापते, हे तिला कोण सांगणार होतं! शेजारणीने मेंदी वाटून आणली. या सगळ्याने साधी उष्णता जातही असेल, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण प्रत्येकालाच कधी ना कधी पायांची आग झालेली असल्यामुळे माझं म्हणणं कुणाला आजारासारखं ऐकूच येईना. ‘आमच्यापण पायांची होते, आम्ही येतो ना कामाला?’ हे वाक्य मी मालकांकडून ऐकलं आहे, सुपरवायझरकडून ऐकलं आहे आणि शेजारी बसणाऱ्या बायकांकडूनही ऐकलं आहे. दिवसभर चालून तळपाय हुळहुळणं आणि पाऊल जमिनीला टेकवता न येणं, चादरीचा स्पर्श सहन न होणं, यात फरक आहे. तो डोळ्यांना दिसतो, फक्त ज्या वेळी आग पेटलेली असते त्या वेळी बघावं लागतं.

ज्यांनी काजूचा कारखाना आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं तपशिलात लिहिते, कारण सोय म्हणजे नेमकं काय, हे जागा कळल्याशिवाय कळत नाही. बी आधी वाफवतात. गार झाली की कटिंगला येते. एका हाताने बी धरायची, दुसऱ्या हाताने पातं चालवायचं, पायाने दांडा दाबायचा. टरफलातलं तेल कातडी जाळतं म्हणून बायका हातांना काहीतरी चोपडून बसतात. गर निघाला की ट्रेवर पसरून ड्रायरला लावतात, साठ-सत्तर अंशांत, कित्येक तास. त्यानंतर साल सोलायची, मग ग्रेडिंग: अख्खा, पाकळी, तुकडा. अख्ख्यातही २४०, ३२० असे नंबर असतात, एका पौंडात किती गर बसतात त्याचा तो आकडा. वर सिमेंटचे पत्रे. दुपारी पत्रे तापले की ड्रायरची खोली आणि बाहेरचा मांडव यांत फारसा फरक राहत नाही.

ड्रायरवर काम करताना खालच्या खणातला ट्रे ओढला की गरम हवेचा झोत सरळ पावलांवर येतो. उंच माणसाच्या तोंडाला तो लागतही नाही, म्हणून पुरुष सुपरवायझरांच्या हे लक्षात येत नसावं. खाण्याचा माल म्हणून पायांत बंद रबरी बूट. दुपारी दोननंतर माझी पावलं त्या बुटांत उकडलेल्या कुर्लीसारखी लाल होत. बूट काढले तर स्वच्छतेच्या नियमावरून ओरडा खायचा, नाही काढले तर पाय उचलवत नसे. त्या कारखान्यात मी तीन गोष्टी मागितल्या होत्या: ड्रायरऐवजी दुसरं कुठलंही काम, उघडी चप्पल आणि जवळ एक पंखा. उत्तर आलं, ‘अपंगाचा दाखला आण, मग बघू.’

दाखल्याचं काय झालं तेही सांगते. दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे माझा नंबर लागला तो भर पावसात, सकाळी. पाय निवांत होते. चालून दाखव म्हटलं, चालले. बोटं हलवून दाखव म्हटलं, हलवली. सांधे वळतात, ताकद आहे, बोटं शाबूत आहेत. तक्त्यात भरण्यासारखं काहीच मिळालं नाही. समोरचे डॉक्टर चांगले बोलले, पण त्यांच्या हातातल्या कागदावर आग मोजायला रकाना नव्हता. मी दाखला न घेता परतले, आणि कारखान्याने तो विषय तिथेच मिटवला.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. मी काही वकील नाही, पण हे वाचायला वकील लागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर त्याला लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात. सरकारी नोकरीतलं चार टक्के आरक्षण या लक्षणीय दिव्यांगत्वाशी बांधलेलं आहे. ते मी मागत नाही. पण त्याच कायद्यात दिव्यांग व्यक्तीची व्याख्या वेगळी दिली आहे. दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांची उणीव, जी आजूबाजूच्या अडथळ्यांमुळे माणसाला इतरांच्या बरोबरीने वावरू देत नाही, असा त्या व्याख्येचा अर्थ आहे. तिच्यात टक्क्यांचा आकडा नाही. आणि ‘वाजवी सोय’, म्हणजे समोरच्यावर अवाजवी भार न टाकता करता येण्याजोगे फेरबदल, ही तरतूदही टक्क्यांना बांधलेली नाही.

हे माझ्या मनचं नाही. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात निकाल दिला. अर्जदाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. परीक्षेत लेखनिक मागितला तर आयोगाचं म्हणणं पडलं की चाळीस टक्के नाहीत. न्यायालयाने आयोगाचं म्हणणं मान्य केलं नाही. लक्षणीय दिव्यांगत्व ही आरक्षणासारख्या विशिष्ट तरतुदींसाठीची अट आहे, वाजवी सोय मात्र त्या अटीवर अडवून ठेवता येणार नाही, असं तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केलं. परीक्षेतल्या लेखनिकाला जे लागू, ते टेबलाखालच्या पंख्याला का लागू नसावं? मला तरी कारण सापडत नाही.

सरकारी कचेऱ्या, शाळा, डेपो यांना कलम २० प्रमाणे ही सोय द्यावीच लागते, आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कुणाला काढता किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. खासगीवाल्यांनाही कलम २१ प्रमाणे समान संधीचं धोरण जाहीर करायचं असतं, आणि वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर कोणत्या सोयी देणार हे त्यात लिहायचं असतं. मी तरी ते कुठल्या कारखान्याच्या भिंतीवर लावलेलं पाहिलेलं नाही. दिव्यांगांचा कायदा बाजूला ठेवला तरी १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिलं होतं की कामाच्या जागी पुरेशी हवा खेळती हवी, तापमान कामगाराला सोसवेल असं हवं, आणि उभ्याने काम करणाऱ्यांना मधूनमधून टेकायला बैठक हवी. तेव्हा या पिढीने काही नवीन लाड मागितले आहेत अशातला भाग नाही.

दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण आहे, २०२१ सालचं. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक उत्कृष्टता केंद्र आहे. ज्यांना त्याचा आधार मिळतो त्यांच्यासाठी ती मोठी गोष्ट आहे. पण ते उपचारांबद्दल झालं. मे महिन्यात दुपारी तीन वाजता वेंगुर्ल्यातल्या पत्र्याच्या खोलीत पंखा कुणी लावायचा, हे मुंबई-दिल्लीतून ठरणार नाही.

आता जिथे आहे तिथल्या मालकीणबाईंनी माझ्यासाठी काय केलं ते सविस्तर सांगते, म्हणजे खर्चाचा बाऊ कमी होईल. सोलाई आणि ग्रेडिंगच्या खोलीत पंखा चालत नाही, यात मालकांचं काही चूक नाही. काजूची साल अतिशय हलकी असते, वारा लागला की उडून निवडलेल्या गरांवर बसते आणि सगळा माल पुन्हा वेचावा लागतो. बाईंनी पंखा टेबलाखाली जमिनीवर ठेवला, तोंड पावलांकडे केलं आणि टेबलाच्या दोन बाजूंना ताडपत्री सोडली. वारा खाली राहतो, साल वर जागच्या जागी. दीड-दोन हजारांचा पंखा आणि घरातली जुनी ताडपत्री. बुटांचा प्रश्नही असाच सुटला. उघडी रबरी चप्पल, ती फक्त कारखान्याच्या आत घालायची, रोज धुवायची आणि दाराशी खुंटीला अडकवायची. स्वच्छताही राहते आणि पायांना हवाही लागते.

पाय वर घेऊन बसण्याचं मात्र माझं मलाच अवघड वाटत होतं. समोर खाण्याची वस्तू आहे आणि आपण पाय वर करून बसायचं, हे आपल्या अंगवळणी नाही. वयाने मोठ्या बायका समोर असतात, मालक मध्येच येतात. शेवटी माझी जागा भिंतीकडच्या टोकाला केली. स्टूल टेबलाहून बुटकं, पाय भिंतीकडे. तरी पहिल्यांदा मी पदर पावलांवर ओढून घेतला होता. बाजूच्या काकी म्हणाल्या, ‘बाय, निवांत बस. काजींक राग येवचो नाय. तुजी पाटी मी सारतंय.’ (काजूंना राग येणार नाही, तुझी पाटी मी सरकवते.) त्यांचं ते वाक्य मला कायद्याच्या कलमांइतकंच उपयोगी पडलं आहे.

मजुरीबद्दल बोललं नाही तर पत्र अर्धं राहील. सोलाई किलोवर असते. ‘जा ना, बस थोडा वेळ पाय वर करून’ असं म्हणायला कुणाचं काही जात नाही, पण तेवढ्या वेळाचे पैसे कामगाराच्या हातातून जातात. मग ती बसत नाही, रेटत राहते आणि दुसऱ्या दिवशी येऊच शकत नाही. किलोवरच्या माणसाला नुसती विश्रांती देऊन भागत नाही. त्याला रोजावरचं काम द्यावं लागतं: ग्रेडिंग, वजन, पॅकिंग, नोंदी. मला ग्रेडिंगला रोजावर घेतलं म्हणून मी टिकले. पाळीचंही तसंच आहे. रात्रभर डोळा लागलेला नसला तरी मी सकाळी सातची पाळी मागून घेते, कारण अकरा वाजेपर्यंतचं माझं काम पूर्ण माणसाचं असतं. तो वेळ तुम्ही नाकारलात तर नुकसान दोघांचं आहे.

‘एकीला पंखा दिला तर सगळ्या मागतील.’ हा आक्षेप मी सर्वांत जास्त ऐकला आहे. मागू देत ना! ज्या खोलीत मला सोसवत नाही त्या खोलीत बाकीच्यांनाही सुख नसतं, त्यांचं शरीर जरा उशिरा तक्रार करतं एवढंच. चक्कर येणं, डोकं धरणं, लघवीला जळजळ, हे मे महिन्यात प्रत्येक कारखान्यात चालतं आणि बायका ते अंगावर काढतात. माझ्या निमित्ताने पत्र्याखाली नारळाच्या झावळ्या किंवा गवत टाकलं गेलं, तर त्यात वाईट काय झालं?

दुसरं म्हणतात, एवढा त्रास आहे तर घरी बसावं. घरी काय असतं ते म्हणणाऱ्याने सांगावं. घरी चूल आहे, गॅस आहे, दोन वेळा उभ्याने भाकऱ्या थापायच्या आहेत, आणि तिथे टेबलाखाली पंखा लावून द्यायला कुणी नाही. औषधांचे पैसे माझ्या मजुरीतून येतात. मला काम हवं आहे. माझे हात चांगले आहेत, नजर चांगली आहे, २४० आणि ३२० मी वजन न करता वेगळे करते.

काजूबद्दल जास्त लिहिलं कारण तेच मला माहीत आहे. पण हॉटेलात तव्यापुढे उभा राहणारा पोऱ्या, इंजिनाची धग पायांशी घेऊन दिवसभर फिरणारा कंडक्टर, कातडी बूट घालून बँकेच्या दारात उभा असणारा वॉचमन, एप्रिल-मेत हापूसच्या पेट्या भरणाऱ्या बाया, या सगळ्यांना हे लागू आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात लोकसभेचं मतदान झालं ते ७ मे २०२४ ला. अशा दिवसांत निवडणुकीच्या कामाच्या याद्या करताना ज्याने वैद्यकीय कागद जोडले आहेत त्याचे कागद यादी निघायच्या आधी वाचावेत, एवढीच प्रमुखांना विनंती. निघालेल्या यादीतून नाव काढायला धावपळ करणं, हेच त्या पायांना झेपत नाही.

काही गोष्टी माहीत असाव्यात म्हणून लिहिते. आग पेटलेल्या माणसाला बर्फ देऊ नका. आपल्याकडे बंदरावर बर्फ सहज मिळतो, आणि चांगल्या मनाचं माणूस पहिल्यांदा बादलीत बर्फ टाकून पाय बुडवायला सांगतं. त्या क्षणी इतका आराम पडतो की पाय बाहेर काढवत नाहीत. पण तासन्‌तास पाण्यात राहून कातडी फुगते, फाटते, जखमा होतात, त्या चिघळतात, आणि पाय बाहेर काढले की आग पुन्हा उसळते. बर्फाने या आजाराच्या रुग्णांचे पाय कायमचे बिघडल्याची उदाहरणं वैद्यकीय लेखांत आहेत. वारा चांगला, सावली चांगली, पाय वर घेणं चांगलं. आणि लाइट गेली तर? इथे वादळवाऱ्यात ती जातेच. जून २०२० मध्ये निसर्ग, मे २०२१ मध्ये तौक्ते, दोन्ही वेळा किनाऱ्यावरची कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती. कारखान्यात इन्व्हर्टर असेल तर एक पॉइंट या पंख्यासाठी ठेवा. नसेल तर चार्जिंगचा छोटा पंखाही चालतो.

आणि हे पत्र मालकांच्या टेबलावरून कामगारांच्या हातात गेलं, तर त्यांच्यासाठी: तुमची पावलं अशी लाल होऊन तापत असतील तर उष्णता म्हणून सोडून देऊ नका. सरकारी दवाखान्यात रक्ताची साधी तपासणी होते, ती आधी करून घ्या. प्लेटलेट किंवा तांबड्या पेशी वाढवणाऱ्या रक्ताच्या आजारात ही आग कधीकधी सगळ्यात आधी दिसते, आणि त्या प्रकारात अ‍ॅस्पिरिनसारख्या स्वस्त औषधाने चांगला गुण येतो. मात्र ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. आग पेटलेली असताना मोबाइलवर पायांचा फोटो काढून ठेवा, तारीख-वेळेसकट. डॉक्टरांसमोर पाय नेहमी शांतच असतात. मला निदान मिळालं ते गोव्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात, आणि तिथल्या डॉक्टरांनी माझ्या बोलण्याआधी माझे फोटो पाहिले.

मालकांना शेवटचं एक. कोणाला उकाड्याचा काय त्रास होतो हे हंगामाआधी एकदा विचारा, पण सगळ्यांसमोर नको. चार जणींच्या देखत बाई सांगणार नाही, काम जाईल या भीतीने तर मुळीच सांगणार नाही. एकेकीला बाजूला घेऊन विचारा, आणि जे ठरेल ते लिहून ठेवा. सुपरवायझर बदलतात, तोंडी सवलत त्यांच्याबरोबर जाते. आमच्या हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढे लिहिलं आहे: ‘ड्रायर नको. उघडी चप्पल. टेबलाखाली पंखा. गरज लागली तर पंधरा मिनिटं पाय वर, त्याची मजुरी कापायची नाही.’ खाली बाईंची सही आहे. नवा सुपरवायझर आला तेव्हा मी काहीच बोलले नाही, त्याने वही वाचली आणि पंखा कुठे आहे ते विचारलं. फेब्रुवारीत बी यायला लागली की तुम्हा कुणालाच मान वर करायला फुरसत नसते. तेव्हा ही ओळ दिवाळी झाल्यावर, हात मोकळे असतानाच लिहून ठेवावी, ही विनंती.

कळावे,
आपली नम्र,
काजू कारखान्यातली एक ग्रेडर
वेंगुर्ले तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग